काळ्या रंगाची पारख

फोटोवाल्यांना काळ्या रंगाची पारख होती. सव्वीस वर्षं त्यांनी फोटोंच्या लॅबमध्ये काढली होती आणि ती बंद पडल्यावर एका छापखान्यात रंग तपासायला लागले होते. त्यांनी बाजूला काढलेला कागद पुन्हा यंत्रावर चढवायची मालकाचीही छाती नव्हती. "काळा म्हणजे काळा हवा, राखाडी नको," एवढंच म्हणायचे आणि कागद परत पाठवायचे. घरी मात्र त्यांच्या पारखीला फारसा मान नव्हता. बायको सरळ म्हणायची, "यांना वांगी आणायला पाठवू नका. रंग बघून आणतात आणि आत किडा निघतो."

थोरल्या मुलीचं लग्न होऊन ती दूर गेली होती. घरात उरली धाकटी. दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटची नावं लिहून घ्यायची आणि संध्याकाळी हेडफोन चढवून खोलीत शिरायची. पाच जणींचा तिचा संघ होता. अंधाऱ्या गोदामांतून, बोगद्यांतून समोरच्या पाच जणांना हुडकायचं आणि त्यांनी टिपायच्या आत आपण टिपायचं, असा खेळ. दारातून सगळ्यात आधी आत घुसायचं काम धाकटीचं होतं. फोटोवाल्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दाराबाहेर ऐकू यायची ती नुसती माऊसची टकटक आणि मधूनच "डावीकडे, डावीकडे!" असा आरडाओरडा. पोरीचा विरंगुळा आहे, असं म्हणून ते पेपर उलटायचे.

एक दिवस जेवताना ती म्हणाली, "बाबा, मोठ्या संघाची निवड आहे. तीन आठवड्यांनी. घरूनच खेळायचंय. त्यांनी घेतलं तर पगार देतात, वर्षभर शिकवतात."

"आणि दवाखाना?"

"तो सोडेन मग." तिनं हे इतक्या सहज म्हटलं की आईचा घास हातातच राहिला. "फक्त माझ्या कॉम्प्युटरचा पडदा फार जुना झालाय. पण निवड झाली की बघू."

फोटोवाल्यांनी त्यातलं एकच वाक्य उचललं. पडदा जुना झालाय. पडदा म्हटलं की तो आपला प्रांत. दुसऱ्याच दिवशी कामावरून परस्पर ते मॉनिटरच्या दुकानात गेले. जुना माल काढायचा म्हणून तिथे मोठी सवलत लागली होती आणि भिंतीवर एका ओळीत मॉनिटर मांडले होते. सगळ्यांवर एकच फोटो लावलेला: तळं, काठावरची झाडं, मावळता उजेड.

चष्मेवाला विक्रेता पुढे आला. "कोण खेळणार, काका? आणि काय खेळतात?"

"मुलगी खेळते. कॉम्प्युटरवर."

"ते झालंच हो. पण कसला खेळ? निवांत, गोष्टीचा, की धावपळीचा, गोळीबाराचा?"

"असेल तसलंच काहीतरी," फोटोवाले म्हणाले. त्यांचे डोळे कधीच शेवटच्या मॉनिटरवर जाऊन बसले होते. मोठा, किंचित आत वळलेला. झाडांखालचा अंधार त्यात असा उतरला होता की बोट घातलं तर ओलं होईल.

विक्रेत्यानं ते पाहिलं. माणूस प्रामाणिक होता, म्हणून त्यानं पडद्यांचे प्रकार नीट समजावून सांगितले. पहिला टीएन, रंग फिके पण अंगानं चपळ. मधला आयपीएस, रंगही बरे आणि चपळही, फक्त काळा जरा धुरकट दिसतो. तुम्ही बघताय तो व्हीए. काळा गडद, सिनेमाला आणि निवांत खेळाला झकास. "पण काका, अंधारात काही झपाट्यानं हललं ना, तर हा मागे सावली ओढतो. माणूस पुढे आणि त्याचा डाग मागे. ओएलईडीत दोन्ही साधतं, पण त्याला सवलत नाही. तुम्ही असं करा, मुलीला एक फोन लावून विचारा."

"तिला न सांगता न्यायचाय," फोटोवाले हसून म्हणाले. "आणि पडद्यातलं मला कळतं हो. जन्म गेलाय यात. तो मधला बघा, काळ्याचं पार धुणं झालंय. असला फुकट दिला तरी मी घरात घेणार नाही."

विक्रेत्यानं खोका बांधून दिला. "सात दिवसांत बदलून मिळेल. खेळून बघू दे तिला."

घरी फोटोवाल्यांनी स्वतः तारा जोडल्या. तळ्याकाठचा तसलाच एक फोटो शोधून लावला आणि धाकटी येईपर्यंत दाराशी येरझाऱ्या घातल्या. ती आली, बघतच राहिली, मग खुर्चीत बसून थोडा वेळ खेळली. दोनदा डोळे मिटून उघडले. तिसऱ्यांदा मान पुढे काढून बघितलं.

"आवडला ना?" त्यांनी विचारलं.

तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. "काळा किती काळा आहे, बाबा," ती म्हणाली.

फोटोवाल्यांना आकाश ठेंगणं झालं. सात दिवस गेले, आठवा गेला. तिनं पडद्याची सेटिंग पन्नास वेळा बदलून पाहिली. उजेड वाढवला, रंग उतरवले. ते दिसलं तेव्हा फोटोवाल्यांनी जाता जाता तिला टोकलंसुद्धा, "अगं, चांगल्या चित्राची माती करतेस." तिनं मुकाट्यानं पहिल्यासारखं करून ठेवलं.

निवड झाली. धाकटीचं नाव नव्हतं. "माझ्यापेक्षा चांगल्या होत्या," एवढंच ती म्हणाली आणि दवाखान्यात दिवसाच्या जोडीला संध्याकाळचीही पाळी मागून घेतली. घरातली टकटक थांबली. आईला बरंच वाटलं. फोटोवाल्यांनाही वाटलं, चला, खूळ गेलं.

दोन महिन्यांनी संघातली एक मैत्रीण धाकटीचे पडून राहिलेले हेडफोन न्यायला आली. या मुलीला सगळ्या बडबडी म्हणत आणि ते नाव तिला शोभायचं. धाकटी कामावर होती. बडबडीनं खोलीतला मॉनिटर बघितला आणि कपाळाला हात लावला. "हाच का तो? काका, आम्ही हिला किती सांगितलं, बाई, परत कर, नाहीतर जुन्यावर खेळ. अंधारातून समोरचा आला की हिला नुसता डाग दिसायचा. ही डागावर गोळी झाडायची, तो पुढे गेलेला असायचा. निवडीत सहा वेळा तसंच झालं. नाहीतर हिच्याइतका चपळ हात आमच्यात कुणाचा नव्हता."

"मग तिनं बदलला का नाही?" फोटोवाल्यांचा आवाज खाली आला होता.

"म्हणाली, बाबांनी इतक्या हौसेनं आणलाय."

बडबडी गेली. ते मॉनिटरसमोर तसेच बसून राहिले. विक्रेत्यानं सांगितलेलं सगळं शब्दन् शब्द आठवत होतं, हेच वाईट होतं. न कळून चूक झाली असं म्हणायलाही जागा नव्हती. आयुष्यभर न हलणारी चित्रं पारखली आणि हलणाऱ्या पोरीसाठीही तोच काटा लावला.

दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी मधला आयपीएस आणला. पुढच्या सकाळी ती उठायच्या आत टेबलावर बसवून ठेवला. तिनं तो पाहिला आणि काय ते तिला कळलं.

"सांगायचंस ना गं मला," ते म्हणाले.

"सांगणार होते. मग तुम्ही तो तळ्याचा फोटो लावून उभे होतात." ती थोडं हसली. "आणि तुम्ही विचारलंत ते आवडला का. खेळता येतं का, असं नाही विचारलंत."

"पुन्हा निवड असेल ना? पुढच्या वर्षी?"

"वयाची अट असते, बाबा. मला यंदा शेवटचंच वर्ष होतं."

फोटोवाल्यांनी पडद्याची तार उगाच पुन्हा दाबून बसवली. मग ते म्हणाले, "एक डाव खेळून दाखवशील? मी बसतो इथे."

ती बसली. फोटोवाल्यांनी खुर्ची ओढून घेतली. एवढ्या वर्षांत ती खेळताना ते पहिल्यांदाच दाराच्या आत बसले होते. अंधाऱ्या बोगद्याच्या तोंडातून ती आत घुसली. त्यांना समोर कोण आहे हे दिसायच्या आत तिचं मनगट वळलं होतं आणि समोरचा पडला होता. मग दुसरा. मग मागून येणारा तिसरा, जो त्यांना दिसलाच नाही. त्यांनी पडदा बघायचं सोडून दिलं आणि तिचे हात बघत बसले.

डाव संपला. तिनं बोटं मोडली. "हात जड झालेत माझे. आधी याहून बरी खेळायचे." मग घड्याळाकडे बघून उठली आणि दवाखान्याचा गणवेश शोधायला गेली.

"याहून बरी?" फोटोवाल्यांनी विचारलं. पण ती आतल्या खोलीत होती, आणि तिला ऐकू गेलं नाही.