चूलबंद नाताळ

एका नाताळात मी अर्ध्या गावाच्या चुली विझवल्या होत्या. त्याही पाण्याची घागर न उचलता, नुसत्या तोंडाने.

तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी जालन्याची, तिथल्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेली. नळाचं पाणी, गॅसची शेगडी, आणि पाहुणे येणार म्हटलं की कोपऱ्यावरच्या बेकरीतून खारी आणायची, एवढाच माझा संसाराचा अनुभव. सासर मिळालं ते डोंगरकड्याजवळचं खेडं. हिंगोली जिल्हा परभणीपासून नुकताच वेगळा झाला होता आणि मी आईपासून, त्यामुळे दोघांनाही अजून आपलं कसं चालवायचं ते नीट कळत नव्हतं. गावात ख्रिस्ती घर एकच, आमचं. सासरे, म्हणजे बाबा, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सासूबाई, म्हणजे आई, अख्ख्या गावाच्या 'मास्तरीनबाई'.

त्या पावसाळ्यात आईंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. दीड महिना नांदेडचा दवाखाना. त्यांच्या उशाशी मी, आणि इकडे घरी बाबा आणि आमचे हे. दोघांनाही चहाच्या पलीकडे काही येत नाही. (चहाही गोडच होतो असं नाही.) पण गावातली नऊ घरं अशी उभी राहिली, की बाप-लेकांना कधी चूल पेटवावी लागली नाही. वर आमचा डबा रोज एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिला जायचा. दवाखान्यात डबा उघडला की आई नुसत्या वासावरून सांगायच्या, "ही काशामायची भाकरी हाय बघ. आन् दूध नाईकाच्या घरचं."

घरी आल्यावर त्यांनी ठरवूनच टाकलं. नाताळच्या दिवशी या नऊ घरांना जेवायला बोलवायचं.

"देवाचे उपकार तोंडानं मानता येतात," त्या म्हणाल्या, "मान्सायचे हातानंच मानावं लागतात. माझ्या हातचं खाऊ घालीन त्यायला."

डॉक्टरांनी कळशीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलं होतं. म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी मला आवतण द्यायला धाडताना त्यांनी दोनदा सांगितलं, "घरटी एक माणूस सांग गं पोरी. जास्तीचं मला झेपायचं न्हाई."

आता, इतकं सोपं काम! मी नवी साडी नेसून निघाले.

पहिलंच घर काशामायचं. सत्तरीची म्हातारी, पण बोलणं खणखणीत. तिने मला घोंगडीवर बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "आवतण कसं हाय म्हनावं? घरटी एक, का चूलबंद?"

मी जरा गोंधळलेली पाहून तिनेच समजावलं. घरटी एक म्हणजे घरातलं एकच माणूस येतं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूलच पेटत नाही; म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळे जेवायला येतात.

आईंचं सांगणं मला पाठ होतं, शपथ! पण जिने दीड महिना माझ्या सासूला भाकरी पाठवली, तिचाच चहा पिऊन तिला तोंडावर 'एकटीच ये' म्हणायचं? माझी जीभच उचलेना. शिवाय आमच्या जालन्याची रीत मला ठाऊक होती. तिथे 'सगळे या हं, नक्की!' असं म्हणतात आणि दोघं येतात. तीही 'आत्ताच पोटभर खाल्लंय' म्हणत येतात. 'सगळे' म्हणजे सगळे, असं आमच्याकडे आजवर कुणी धरलेलं नाही.

"चूलबंद!" मी म्हणाले.

काशामायच्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तरीनबाईचा जीव लई मोठा, माय."

झालं! मला ते इतकं गोड लागलं, की पुढच्या घरी विचारायच्या आतच मी चूलबंद सांगून मोकळी. किराणा दुकानदाराचं घर, चूलबंद. पाटलाचं घर, चूलबंद. शेवटी टेकाडापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेले, दूध पाठवणाऱ्या नाईकांकडे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांकडे. नाईकांनी नीट विचारून घेतलं, "बाई, आवतण आमच्या घराला, का तांड्याला?"

"असं काय विचारता नाईक? सगळ्यांनी यायचं!"

नाईकांनी एकदा सगळ्या तांड्यावरून नजर फिरवली. मग पागोटं सारखं करून म्हणाले, "येतो."

घरी आईंनी विचारलं, "बराबर सांगितलं न्हवं?"

"अगदी बराबर!" मी म्हणाले. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

नाताळच्या पहाटे आईंनी गव्हाची खीर आटवली, येसर आमटी केली, वांगी भरली. आल्यावर पुऱ्या तळायच्या असं ठरवून आम्ही उपासनेला कळमनुरीला गेलो आणि दुपारी जीपने परत आलो. फाट्यावर उतरलो तर बाबा थबकले.

"गावात काही झालं का? जेवणाची वेळ झाली आन् निम्म्या गावावर धूर न्हाई."

"अगं बाई, कुणी गेलं का काय!" आईंनी पदर तोंडाला लावला. बाबांनी तर डोळे मिटून त्या न गेलेल्या माणसाच्या कुटुंबासाठी सांत्वनाची प्रार्थनाही सुरू केली.

तेवढ्यात हापशावर काशामायची सून दिसली. हसून म्हणाली, "मास्तरीनबाई, आता येऊ का? लेकरायला सकाळपासून चहावरच ठेवलंय. म्हनलं, तिकडं पोटभर खातील. चूलबंद हाय न्हवं आज!"

आईंनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी जीपकडे पाहिलं. जीप पुढे नांदेडला चालली होती. तसंच चढावं आणि नांदेडहून रेल्वेने जालना गाठावं, असा विचार मनात येईपर्यंत ती निघूनही गेली.

घरात शिरताच आईंनी विचारलं, "किती घरायला चूलबंद सांगितलं?"

"सगळ्या."

"नाईकाच्या घराला बी?"

"नाईकांना... तांडा सांगितला."

आई मटकन पाटावर बसल्या. त्या रागावल्या असत्या तर मला परवडलं असतं. पण त्यांचा चेहराच उतरला. "ह्या लोकांनी मला जगवलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "आज माझ्या दारातून कुनी उपाशी गेलं, तं मी परत त्यायला तोंड कसं दावू?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"अगं, घाबरतेस काहून?" बाबा पुढे झाले. "प्रभूनं पाच हजारांना जेवू घातलं होतं."

"त्या दिवशी आवतण सुनेनं दिलं नव्हतं!" आई म्हणाल्या.

मग जी धावपळ सुरू झाली! मी आमटीत तांब्याभर पाणी ओतलं. मग आणखी एक. मग हिशेब सोडून दिला. ह्यांना पीठ आणि तेल आणायला दुकानात पिटाळलं, तर हे हात हलवत परत. "दुकान बंद आहे."

"का?"

"दुकानदार म्हणाला, आज आमचं घरदार तुमच्याकडं जेवायला, दुकानात कोण बसणार?"

अंगणात माणसं जमू लागली. लेकरं तेल लावून, भांग पाडून आली होती आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे टक लावून बसली होती. पाटलांकडची माहेरपणाला आलेली लेक जावयासकट आली. आणि टेकाडावरून तांडा उतरला. बायांच्या घागऱ्यांवरचे आरसे उन्हात लखलखत होते आणि पुढे एक जण नगारा वाजवत होता. (येशूबाळाचा वाढदिवस म्हटल्यावर मुकाट्याने कसं यायचं?) इतकं सुंदर दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि तरी मी नुसती डोकी मोजत होते.

शेवटी आईंनी बाबांना बाजूला घेतलं. "जेवणाआधीची प्रार्थना करा. आन् आज लांब करा."

बाबांचा विश्वास बसेना. त्यांच्या प्रार्थना आमच्या घरात बदनाम होत्या. आदाम-हव्वापासून निघायचे, आणि इस्राएल लोक समुद्र ओलांडेपर्यंत वरण गार झालेलं असायचं. आम्ही खोकून, ताट वाजवून त्यांना थांबवायचो. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांना कुणी 'लांब करा' म्हणालं होतं! तेवढ्यात मी भराभरा पुऱ्या लाटायच्या आणि आईंनी तळायच्या, असा आमचा बेत होता.

बाबा अंगणात उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले, बायांनी पदर घेतले. मी लाटणं उचललं.

"हे परमेश्वर बापा," बाबांनी सुरुवात केली. पण त्या दिवशी आदाम नाही, हव्वा नाही. "माझी बायको नांदेडला दवाखान्यात होती. मला वाटलं, ती आता येत नाही. मी घरात अंधारात बसायचो. तेव्हा या काशामायनं, या नाईकांनी..."

आणि त्यांचा आवाजच बसला. पुढे शब्द नाही. सगळं अंगण डोळे मिटून वाट पाहतंय, आत माझ्या हातात चौथी पुरी, आणि बाबा नुसते उभे, गालांवरून पाणी. नगारेवाल्याला वाटलं, प्रार्थना संपली. त्याने दिला एक दणका, धडाम!

"आमेन," बाबा दचकून म्हणाले. आयुष्यातली त्यांची सगळ्यात छोटी प्रार्थना ती!

पाठोपाठ काशामाय डोळे पुसत स्वयंपाकघरात आली. तिने पातळ आमटी पाहिली. परातीतल्या तीन पुऱ्या पाहिल्या. कोपरापर्यंत पिठाने माखलेल्या मला पाहिलं. मग आईंकडे पाहिलं.

"किती मान्सायचं केलं व्हतं, मास्तरीनबाई?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणाले, "काशामाय, आईंनी घरटी एकच सांगितलं होतं. मला तुम्हाला एकटीला बोलवायची लाज वाटली."

"आन् तांड्याला?"

"तिथपर्यंत सवय लागली होती."

काशामाय आधी आ वासून बघत राहिली. मग अशी हसत सुटली, की चौकट धरून खालीच बसली. "अगं माझे बाई! कसली सून आनली!"

आईंनी तिचा हात धरला. "काशामाय, लेकरायला घरी न्या, भाकरी टाका. मी हात जोडते."

"न्हाई जमायचं," काशामाय ताडकन म्हणाली. "चूलबंदाचं आवतण घेतलंय. आता घरची चूल पेटवली तं तुमचा अपमान व्हईल. त्ये पाप कोन घेईल?" मग आमच्या चुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "पन बंद आमच्या चुली हायेत. तुमची चूल बंद ठिवा असं कुठं कोन म्हनलं?"

आणि दारात जाऊन तिने हाळी दिली.

पुढचं सगळं इतक्या झटपट घडलं, की मला आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. दुकानदाराने दुकान उघडून तेलाचा डबा खांद्यावर आणला. घराघरांतून पिठाच्या पराती आल्या. तांड्याच्या बायांनी अंगणात दगड मांडून चुली पेटवल्या आणि गाणं म्हणत भाकरी थापायला बसल्या. नाईकांनी माणसं बांधावर धाडून तुरीच्या शेंगा आणवल्या, जावईसुद्धा शेंगा सोलायला बसले. आई उठल्या की कुणीतरी त्यांना खांद्याला धरून बसवायचं, "बसा, तुमाला तकलीफ करायची न्हाई."

"अवो, पन हे जेवण माझं हाय न्हवं!" आई अगदी रडकुंडीला आल्या.

शेवटी त्यांनी खिरीचं पातेलं समोर ओढलं आणि त्याला कुणाला हात लावू दिला नाही. पंगत बसली तेव्हा ह्यांनी पातेलं धरलं आणि आई एकेकापुढे वाकून, आपल्या हाताने, चमचा चमचा खीर वाढत गेल्या. चमचाभर खीर! पण काशामायने ती हाताच्या ओंजळीत घेतली. नाईकांनी आधी हात जोडले, मग खाल्ली. आई प्रत्येकाला एवढंच म्हणत होत्या, "तुमच्यामुळं हाय मी." खीर शेवटच्या लेकरापर्यंत पुरली. (बाबा याला आजही चमत्कार म्हणतात. मी मागे उभी होते. शेवटी शेवटी आई अर्धाच चमचा वाढत होत्या.)

दिवेलागणीला अंगण रिकामं झालं. खिरीचं पातेलं चाटूनपुसून स्वच्छ. आम्ही चौघं तेवढे उपाशी! तळाशी राहिलेली आमटी आणि भाकरीचा एक तुकडा वाटून घेत बसलो.

"बघा आता," आई म्हणाल्या, "उपकार फेडायला बोलावलं, आन् वर आनिक चढवून बसलो." आणि हसायलाच लागल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, टाक्यांवर हात दाबून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्यांना हसताना बघून माझा बांध फुटला.

"आई, चुकलं माझं."

"चुकलं तं हाय," त्यांनी माझे डोळे पुसले. "पन दवाखान्यात मी एकच मागत व्हते. एकदा सगळ्यायला डोळे भरून बघायला मिळावं. घरटी एक बोलावलं असतं तं सगळे कुठून दिसले असते? पुढच्या नाताळाला मात्र आवतण द्यायला मी जाईन."

माझा जीव भांड्यात पडला. "बरं झालं! म्हणजे घरटी एक."

"न्हाई," आई म्हणाल्या. "चूलबंद. पुऱ्या तू लाटायच्या."

तेव्हापासून दर नाताळाला मी पहाटेपासून पुऱ्या लाटते आहे. खांदा भरून येतो, कंबर धरते, आणि मनापासून देवाचे उपकार मानते, की आमच्या गावाला तांडा एकच आहे!