माग थांबले तेव्हा

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेला लिंबायतमध्ये राहत होतो, यंत्रमागाच्या खात्याच्या, म्हणजे कारखान्याच्या, डोक्यावरच्या खोलीत. खाली माग चालायचे आणि वर मांडणीवरची आमची भांडी नाचायची. गावाकडचे पाहुणे भूकंप समजून बाहेर पळायचे, आम्हाला त्याचं काही नव्हतं. नवरा खाली मागावर असायचा, मी वर बसून बॉबिन भरायची आणि सासू आम्हा दोघांवर नजर ठेवायची.

मला आठवा लागला होता. शेजारीण विचारायची, "बाळ हालतं का गं?" मी म्हणायची, "हालतं की!" हालायचंच सगळं. फरशी, भिंत आणि त्यांच्याबरोबर मीही. त्यातलं बाळाचं किती आणि मागाचं किती, हे निवडून बघायचं डोक्यातच आलं नाही.

मग सुट्टीचा वार आला. खातं बंद, भांडी गप्प. मी भिंतीला टेकून बसले, तर पोटातही गप्पच. हात फिरवला, कूस बदलली, गुळाचा खडा खाल्ला. काही नाही. शेजारीण म्हणाली, "गुणी आहे बाळ, आईला त्रास देत नाही." मलाही ते खरं मानायचं होतं. पण सासूने तांदळाचं ताट बाजूला सारलं. "ऊठ. चाल दवाखानामा." एरवी दवाखान्याचं नाव काढलं की नाक मुरडणारी ही बाई पर्वत पाटियाचा दवाखाना येईपर्यंत रिक्षावाल्याच्या मागे लागली होती. मी फार घाबरले होते.

डॉक्टरीणबाई गुजराती होत्या. त्यांनी पोटाला नळीसारखा छोटा कर्णा लावून ऐकलं. ठोके आहेत म्हणाल्या, तरी घरी सोडलं नाही, डाव्या कुशीवर निजवून ठेवलं. बऱ्याच वेळाने बरगडीखाली सणसणीत लाथ बसली आणि मी तिथंच रडायला लागले.

"रमतुं नथी, भणे छे," डॉक्टरीणबाई हसल्या. खेळत नाही, शिकतंय. हातपाय हलले की त्याची खबर मेंदूला जाते, हा माझा हात, हा माझा पाय, अशी ओळख तिथूनच सुरू होते, असं त्यांनी समजावलं. आणि पुन्हा हालचाल कमी वाटली तर वाट बघत बसायचं नाही, लगेच यायचं, असं दटावलंही.

परतताना सासू रिक्षातून बाहेर बघत म्हणाली, "मना पहिला बी असाच गुणी व्हता. पोटमा गपच राहे, आन् मी खूश व्हती."

माझ्या नवऱ्याच्या आधी कुणी होतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मुलगी झाली. तान्हं पोर दचकू नये म्हणून त्याला फडक्यात घट्ट गुंडाळायची आमच्यात रीत. त्यात सासूचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आजूबाजूच्या बाया पोरं घेऊन तिच्याकडेच यायच्या. आमची पोर झोपेत बोटं उडवायची, ओठ हलवायची, मधूनच पाय झाडायची. शेजारीण फडकं घेऊन आली. "हिला बांधा की घट्ट, मावशी."

सासूने फडकं घेतलं, त्याची घडी केली आणि मांडीखाली दाबून बसली.

"हालू दे तिले," ती म्हणाली. "हालू दे."