पडवळातली साखर

साऱ्या शहापूर तालुक्यात माझ्या आतोबांइतका संशयी माणूस झाला नाही. आणि हे त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर ‘साऱ्या तालुक्याची चौकशी तू केलीस का?’ असं त्यांनी विचारलं असतं. दूधवाल्याला ते आधी म्हैस दाखवायला लावत. कचेरीतलं घड्याळ बरोबर दिसलं की कुणीतरी ते मुद्दाम आजच लावलं असणार, असं त्यांचं मत. वाटेत कुणी नमस्कार केला तर घरी येऊन आत्याला विचारीत, “याचं काय काम असेल गं माझ्याकडे?”

मग आत्याला मधुमेह झाला. कल्याणच्या डॉक्टरांनी साखर, गूळ, गोड भाज्या सगळं बंद सांगितलं, आणि गावभर पसरलेला आतोबांचा संशय भाजीच्या टोपलीवर येऊन बसला. लढाईचे दिवस होते. साखर लोकांना दिसेनाशी झाली होती. आतोबांना ती सगळीकडे दिसायला लागली. तरुणपणी ते मुंबईला विज्ञान शिकायला गेले होते, पण परीक्षकांविषयी संशय आल्यामुळे ते शिक्षण अर्धवट राहिलं होतं. आता काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि डॉक्टरांकडून मागून आणलेलं निळं औषध घेऊन त्यांनी माजघरात प्रयोगशाळा थाटली. भाजी किसायची, रस धोतराच्या फडक्यातून गाळायचा, औषधात टाकून उकळायचा. रंग निळा राहिला तर भाजी निर्दोष, हिरवट झाला तर ताकीद, विटकरी झाला की गुन्हा शाबीत. साखर किती, हे ताडून बघायला शेजारी साखर मापून घातलेल्या नळ्या ओळीने उभ्या असत. रताळी, गाजरं, तांबडा भोपळा पहिल्याच फेरीत दोषी ठरले आणि शिक्षा म्हणून मोटारवाल्याबरोबर आमच्याकडे मुरबाडला आले.

शहापूरचे भाजीवाले आपल्याला ओळखून फसवतात, म्हणून ते मुरबाडच्या बाजाराला येत आणि मला साक्षीदार म्हणून नेत.

“भोपळा कसा आहे?” त्यांनी टोकावड्याकडच्या एका म्हातारीला विचारलं.

“साखर हाय काका, निस्ती साखर!”

“ऐकलंस? कबुली दिली!” आतोबा माझ्याकडे वळून म्हणाले.

पुढच्या बाजारी म्हातारी शहाणी झाली. आम्हाला लांबून बघताच ओरडली, “या काका! आमचं पडवल एकदम बेचव हाय. ढोरं पन तोंड लावत नाय!” आतोबांनी तिच्याकडचं सगळं पडवळ उचललं. घरी नळी निळीच राहिली.

तरी आत्या वाळत चालली होती. डॉक्टर तिच्या लघवीची अशीच तपासणी करीत आणि तिथे दर वेळी विटकरी. आतोबांचा तोरा उतरला. ती वाढायला लागली की ते तिच्या सैल बांगड्यांकडे बघत बसत. हळदीकुंकवाच्या बायकांवर संशय घेऊन झाला, माझ्यावर झाला. शेवटी काही सुचेना म्हणून त्यांनी शिजलेली भाजीच नळीत घातली. विटकरी! आधी हळदीवर आळ घेतला. बिनहळदीची भाजी करवली, तीही विटकरी. म्हणजे चोर चुलीपाशीच होता.

मी तेव्हा शहापूरलाच होतो. दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, साक्षीदार म्हणून मी मागे. आत्याने फोडणीत पडवळ टाकलं, झाकण ठेवलं, आणि मग डब्यातून सुपारीएवढा गुळाचा खडा काढून आत सोडला.

“अगं, तुला गूळ बंद आहे ना?”

“मी कुठे गूळ खाते?” आत्या खरंच गोंधळली. “हा तर भाजीतला.”

आमच्याकडे भाजीतल्या गुळाला गूळ म्हणायची रीतच नव्हती.

“पण घालतेस कशाला?”

“लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्ही ताट सारून उठलात. बिनगुळाची भाजी मला वाढू नकोस म्हणालात. तेव्हापासून हात आपोआप जातो.”

आतोबांनी ज्याच्यावर आजवर संशय घेतला नव्हता असा घरात एकच माणूस उरला होता, तो म्हणजे ते स्वतः, आणि नेमका तोच सापडला. त्या दिवसापासून दोघांची भाजी बिनगुळाची. आत्याने तुमची वेगळी करते म्हटलं, तरी ऐकेनात. “तुझा हात चुकेल” म्हणत. पहिल्या घासाला त्यांचं तोंड एरंडेल घेतल्यासारखं व्हायचं, पण म्हणायचे, “झकास!” आत्या मला हळूच विचारी, “खरंच आवडते का रे त्यांना?” आता संशय घ्यायची पाळी तिची होती. मला हसू यायचं, आणि त्या दोघांची फार मायाही वाटायची.

त्या भाजीवर आत्या आणखी काही वर्षं चांगली जगली. ती गेल्यावर मी आतोबांना मुरबाडला घेऊन आलो. आता पथ्य कुणासाठी, म्हणून माझ्या बायकोने त्यांच्या भाजीत आठवणीने गूळ घातला. एक घास घेऊन ते थांबले. दुसरा घेऊन पाहिला. मग ताट हलकेच बाजूला करून म्हणाले, “सूनबाई, रागावू नकोस. भाजी चांगली झालीय. पण हिच्यात तुझ्या आत्याबाईंच्या हातची चव नाही.”