अप्पा दुपारी आले
फिनेलनं पुसलेल्या ओल्या फरशीचा वास आला, की मला पुनर्वसन केंद्रातली ती दुपार आठवते. नसांच्या दुखण्यानं माझे हातपाय कधी चालत, कधी अचानक गळून जात. ऊन वाढलं की जास्तच. काही महिने तिथं राहून मी पुन्हा उभं राहायला, स्वतःचं स्वतः करायला शिकले होते. वडील परंड्याहून भेटायला येणार, तेव्हा त्यांना स्वतः चहा करून द्यायचा, असं मी ठरवलं होतं. सकाळी हातपाय छान चालत होते, पण एसटी वाटेत बंद पडली आणि अप्पा भर दुपारी पोचले, तेव्हा मी खाटेवर निपचित पडले होते. त्यांनीच बशीत चहा ओतून मला पाजला. "अप्पा, सकाळी मी चालत होते," मी म्हणाले. "व्हय गं बाई, व्हय," म्हणत त्यांनी डोळे पुसले. त्यांना ते खरं वाटलं नव्हतं. ऊन उतरल्यावर मी उठले, गॅस पेटवला, पण तोवर अप्पा परतीच्या गाडीत बसून निघाले होते. पुढच्या भेटीआधीच अप्पा गेले. आज मी धाराशिवात एकटी राहते, नोकरी करते. गावी गेले की शेजारची काकू अजून सांगते, "तुझा बाप लई झुरला गं. म्हणायचा, माझ्यामागं पोरीला पाणी कोण पाजंल?"