गोऱ्या डॉक्टरीणबाईंचा दुभाषा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतो आहे.

आज माझ्या इंग्रजीचं कौतुक होतं. उच्चार शिकायला दुरून मुलं येतात. तेव्हा—स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील—सिंदीजवळच्या आमच्या गावात मॅट्रिक झालेला मी एकटा, शाळेत नवा गुरुजी. व्याकरण तोंडपाठ. फक्त इंग्रज माणूस बोलताना कधी ऐकला नव्हता. ऐकणार कुठून?

वर्ध्याला आलेल्या एक गोऱ्या डॉक्टरीणबाई गाव बघायला येणार आणि दुभाषा मी! कडुलिंबाखाली सगळं गाव जमलं. बाईंच्या गळ्यात हातसुताची माळ पडली, त्या बोलू लागल्या, आणि—मला एक शब्द कळेना. ही इंग्रजी आहे तरी का?

मग काय, मी रचलं. स्वच्छता, शिक्षण, गावाची एकी, सुचेल ते. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईपेक्षा आपले गुरुजीच जास्त बोलून राह्यले." हशा, टाळ्या. काय सांगू तुम्हाला, अंगात वारं शिरलं होतं! अजूनही आठवलं की छाती फुगते—आणि त्याचीच लाज वाटते.

तेवढ्यात कौसाबाई पुढे आली, कडेवर लहानगी पोर. "गुरुजी, इचारा ना बाईले, माह्या पोरीचा डोया बरा होईन का?"

मी विचारलं, विचारणं जमत होतं. बाईंनी पापणी उचलून पाहिली. मग माझा दंड धरून भराभर बोलल्या, वर्ध्याच्या दिशेनं हात करत. तो हात मी पाहिला. पुन्हा सांगता का—एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य मला येत नव्हतं? येत होतं. पण सगळं गाव बघत होतं.

मी म्हणालो, "बाई म्हणतात, वय वाढलं की आपोआप बरं होईल."

कौसाबाईनं स्वतः कातलेल्या सुताची माळ माझ्याही गळ्यात घातली.

पुढच्या कापूसवेचणीपर्यंत पोरीचा तो डोळा गेला. कौसाबाई शाळेपाशी भेटली. मला एका शब्दानं दोष दिला नाही. म्हणाली, "एवढी शिकलेली डॉक्टरीण, पर तिलेबी नाई समजलं, गुरुजी."

मी हो म्हणालो.