खाणीतला दगड

ते प्रकरण आठवलं की आजही मी मनातल्या मनात हात जोडतो. तेव्हा माझी नेमणूक हैदराबादेत, चिक्कडपल्ली भागात होती.

एका सकाळी दवाखान्यातून ठाण्यात सूचना आली. वर्षाच्या मुलीला झटके आले होते आणि तिच्या रक्तात शिसं सापडलं होतं. दवाखान्यात ती सुधारायची, घरी नेली की पुन्हा आजारी पडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्या-परवा तिला घरी सोडावं लागेल, त्याआधी हे शिसं कुठून येतंय ते शोधा. आणखी एकदा असं झालं तर पोर हाती लागणार नाही.

कागद पुरे होण्याआधीच मुलीची आत्या अंबरपेठहून येऊन दाखल झाली. तिचा संशय भावजयीवर. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून ही दार लावून पोरीला काहीतरी चाटवते, असं तिचं म्हणणं. इतक्या तपशिलानं बोलली की जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या रायटरचा हात भरून आला. डोळ्यांनी पाहिलंत का, असं विचारल्यावर मात्र बाईंना घरची कामं आठवली.

महिला शिपाई शेजारी बसवून मी आईचा जबाब घेतला. उलटसुलट विचारलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. शेवटी म्हणाली, "मला इथंच बसवून ठेवा साहेब, नक्को म्हणणार नाही. पण घरात काय आहे ते सापडल्याबिगर पोरीला तिथं पाठवू नका."

स्वतःला वाचवू पाहणारा माणूस असं बोलत नाही. मी तिच्या घरी गेलो आणि प्रत्येकाला एकच विचारलं, तुम्ही स्वतः पोरीचं काय काय करता? दुसऱ्याचं सांगताना माणसं भरभरून बोलतात, स्वतःचं विचारलं की अडखळतात. आजोबा अडखळले नाहीत. राजस्थानात, वाळवंटातल्या डोंगरांमध्ये शिसं-जस्ताची एक जुनी खाण आहे, तिथं त्यांची हयात गेली होती. उघडेबोडके डोंगर, आत जुन्या लोकांनी जाळ लावून फोडलेली भुयारं, त्यांच्या धातू गाळायच्या मातीच्या मुशी रचून बांधलेल्या गावातल्या भिंती. सांगताना म्हातारा खुलला. आता नातीला आंघोळ घालणं त्यांच्याकडे होतं. आंघोळीनंतर ते तिच्या डोळ्यांत सुरमा घालत.

"दुकानातला नाही साहेब, त्यात मिलावट असते. मी घरी करतो, खाणीतल्या दगडाचा."

दगड देवघरात होता. मुठीएवढा, चकचकीत, पण उचलताना मनगटाला जाणवेल इतका जड. बेगम बाजारातून आणलेल्या खलात गुलाबपाणी घालून आजोबा तो घोटत. पंचनामा करून दगड आणि सुरमा जप्त केला. तपासणीत शिसंच निघालं. पोर डोळे चोळायची आणि तीच बोटं तोंडात घालायची.

खाणीत राबलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं का, असं मी विचारलं.

"धूळ वाईट, हे माहीत होतं. हात धुतल्याबिगर भाकरीला शिवत नव्हतो. पण तिथल्या बायका हाच दगड घोटून लेकरांच्या डोळ्यांत घालायच्या. आणि आमचं घर याच्यावरच चाललं, साहेब. हा वाईट कसा करंल, असं वाटलं."

मग दोन्ही हात पुढे करून, मला अटक करा, म्हणाले. हेतू वाईट नव्हता. तसा अहवाल पाठवून मी चौकशी बंद केली.

पोर घरी निघाली त्या दिवशी मी मुद्दाम दवाखान्यात गेलो. आजोबा व्हरांड्यात लांब उभे होते, नातीजवळ यायला धजत नव्हते. सुनेनं जाऊन पोर त्यांच्या हातांत दिली. म्हणाली, "धरा मामंजी. तुमच्याबिगर ही झोपत नाही." मला भरून आलं, आणि ते लपवायचं कारणही नव्हतं.

तपासाला निघालेला पोलीस द्वेष शोधतो, कारण बहुतेक वेळा तोच सापडतो. मायेलाही प्रश्न विचारावे लागतात, हे मला त्या घरानं शिकवलं. पण मी खरा ऋणी आहे तो त्या आईचा. तिच्याविरुद्ध पुरावा नव्हता. तिनं स्वतःची सुटका मागितली असती तर मी तिला लगेच जाऊ दिलं असतं, घर तपासायचं मला सुचलंही नसतं, आणि दुसऱ्या दिवशी पोर घरी, त्याच सुरम्याकडे गेली असती.