ढुमक ग्रहावरचा नवरदेव

जठारपेठेत माझ्या घराखालीच नागसेनचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की तो वस्तू हातात घेतो, उलटीसुलटी करून पाहतो आणि ‘उद्या या’ अशी हाताने खूण करतो. नवख्याला वाटतं, माणूस माजोरडा आहे. तसं काही नाही. तो बोलताना अडखळतो. एखाद्या शब्दावर अडला की अडलाच, आणि समोरचा लगेच तो शब्द स्वतः बोलून मोकळा होतो. मला अशा लोकांचा फार राग येतो. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं, एवढं मी शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवू शकले, मोठ्यांना मात्र ते येत नाही.

हाच नागसेन दर रविवारी आमच्या गावच्या केबल चॅनेलवर बाहुल्यांचा कार्यक्रम करतो. जुने मोजे, मिक्सरची झाकणं, पंख्याच्या वायरी, यातून तो परग्रहावरची माणसं बनवतो. बायकांचे आवाज मी काढते. आम्ही दोघं टेबलामागे फतकल मारून बसतो, हात तेवढे वर. आणि तिथे हा पठ्ठ्या एकदाही अडखळत नाही. कारण साधं आहे, त्याच्याकडे कोणी पाहत नसतं.

वय तिशीपार गेलं तरी लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणी मुलगी पाहायला गेला, बोलला, आणि दोन्हीकडून नकार आला. म्हणून तिसऱ्या खेपेला, मलाही सोबत घेऊन धारणीला जाताना, त्याच्या बेबीआत्याने त्याला बजावलं, “तू फक्त बस. बोलाचं मी पाहतो.”

मुलगी नीलम, तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स. वडील खुशालराव, वनखात्यातून निवृत्त झालेले. ते नागसेनला प्रश्न विचारत आणि उत्तर आत्याकडून येई. प्रत्येक उत्तरानंतर खुशालराव चष्म्याची डबी उघडत आणि टक् करून मिटत. नागसेन मान खाली घालून पोहे खात राहिला. परत येताना बसमध्ये त्याने मला एवढंच सांगितलं, की मुलगी आवडली. ते सांगायला त्याला बराच वेळ लागला, पण चेहरा असा फुलला होता की मलाच भरून आलं.

पुढच्या रविवारी त्याने नवा खेळ लिहिला. ढुमक ग्रहावर लग्न जमवायची रीत. तिथे नवरदेवाला आधी पंख्यासारखं गरगर फिरवतात, मग टरबुजासारखं डोकं वाजवून पाहतात. पोहे त्याने कानाने खायचे. प्रश्न मुलाला, उत्तर आत्याचं, त्यासाठी आत्याच्या पाठीवर भोंगा असतो.

“पोरगा काय करते?” नवरीचा बाप विचारतो.

“सूर्याले तेलपानी करते,” भोंगा सांगतो. “पर्मनंट हाये.”

यावर नवरीचा बाप कपाळावरचा तिसरा डोळा उघडतो आणि टक् करून मिटतो. शेवटी नवरदेव आत्याच्या भोंग्यात बोळा कोंबतो आणि नवरीला म्हणतो, “तुह्या तिन्ही डोयांत मले माह्यं यान उभं कराले जागा दिसून राहिली.” नवरीला तो पसंत पडला तर ती हिरवी होते, नाही पडला तर तो हिरवा होतो, अशी तिथली पद्धत. आमचे दोघंही हिरवे झाले. ते हिरव्या दिव्याची काच फुटून उजेड दोघांवर पडल्यामुळे, पण लोक हसून हसून लोळले. खेळ मोबाइलवरून अमरावतीला गेला, चिखलदऱ्याला गेला आणि व्हायचं तेच झालं, धारणीलाही पोचला.

आमच्याकडे मुलगी पाहून झाली की मुलीकडचे घर पाहायला येतात. मुलगी सहसा येत नाही. नीलम आली. सकाळच्या बसने बापलेक उतरले. जयभीम झाला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला, तर खुशालरावांनी तो हातानेच मागे सारला.

“पानी राहू द्या,” ते म्हणाले. “मले एक सांगा. आमच्या घरी हे मूग गिळून बसले होते. अन् टीवीवर पाहा, कसे घडाघडा बोलते. आमी जंगलाकडचे लोकं, आमच्यासंगं बोलाले कमीपना वाटला काय? मायी टिंगल कराले बरं तोंड फुटलं.”

“तसं नाई, भाऊ, पोरगा लाजरा...” आत्याने सुरुवात केली. नागसेनने हात वर करून तिला थांबवलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. गप्प राहिला तर उर्मट ठरणार होता. बोलला तर आधी दोनदा झालं तेच होणार होतं. ढुमकचा नवरदेव खुंटीला लटकत होता. मी तो काढून त्याच्यापुढे धरला. त्याच्या आडून हा सुरळीत बोलला असता. नागसेनने बाहुलीकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली.

“म... म... मले,” तो म्हणाला. “मले बो... बोलता येते. पन अ... अडते. टिंगल नाई केली. तु... तु... तुमची...”

खुशालरावांच्या हातातली डबी उघडीच राहिली. राग कुठल्या कुठे गेला आणि माणूस एकदम विरघळला. ते पुढे वाकून, अगदी मायेने, त्याच्या मदतीला धावले. “समजलं, समजलं. तुमची पोरगी पसंत हाये, असंच ना?”

“बाबा, तुमी नोका बोलू,” नीलम म्हणाली. “त्यायचं त्यायले सांगू द्या.”

मग ती खुर्ची ओढून नागसेनच्या समोर बसली आणि त्याच्याकडे सरळ पाहत म्हणाली, “सावकाश सांगा. आमची बस पाचची हाये.”

दुपारचं जेवणही अजून व्हायचं होतं. नागसेनने बाहीने कपाळ पुसलं, आणि ‘तुमची’पासून पुन्हा सुरुवात केली. आम्ही सगळे थांबलो.